एंटर कोण दाबतंय?

१ ऑक्टोबर, मंगळवार

मार्कलिस्ट मागितली! झालं. संपलं इंदापूर.

तात्या चहा पिता पिता सहज म्हणाले, "भीमा, दिवाळीपत्तर तुजी धाव्वीची मार्कलिस्ट आनून दे बरं का. तुज्या नावानं आयडी काढून टाकू. म्हंजी तुज्या नावावर फॉर्म भरशील." वर खांद्यावर थाप. मी म्हणलो, "व्हय तात्या, गावाकडं हाय, मागवतो."

गावाकडं काय असणार? सातवीचं प्रगतिपुस्तक असेल, उंदरांनी ठेवलं असेल तर. आठवीत दिवाळीपर्यंत गेलो, पुढं गेलोच नाही. का गेलो नाही ते आता आठवत पण नाही. पाय एका जागी थांबत नव्हते, एवढंच.

एप्रिलमध्ये या दुकानात आलो तेव्हा तात्यांनी एकच विचारलं — "धाव्वी झालीय का?" मी म्हणलो, झाली. एवढ्या पटकन कुठलीच परीक्षा पास झालो नव्हतो!

मुखेड सोडून चार वर्षं झाली. लातूरला टायरचं दुकान, टेंभुर्णीला हॉटेल, मग ट्रकवर क्लीनर, भिगवणला बर्फाचा कारखाना. जिथं कुणी कागद मागितला तिथून दुसऱ्या दिवशी मी पसार. बॅग भरायला दहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलंय.

पण हितं सहा महिने टिकलो. पहिल्यांदाच. तहसील कचेरीसमोर दुकान, मागं तात्यांचं घर, मधी एक भिंत. दाखले, उतारे, परीक्षेचे फॉर्म — सगळं ऑनलाइन. दुकान सुप्रिया वहिनींच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या नावावर. तात्या स्वतः कॉम्प्युटरला बोट लावत नाहीत. "माजं काम तोंडाचं," म्हणतात. फॉर्म वहिनी आणि मी भरतो. मराठी टायपिंग मला वहिनींनीच शिकवलं. आता खाली न बघता मारतो. आणि द्वारकाबाई, म्हणजे तात्यांची आई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात — "आमचा भीमा लई शिकल्याला हाय." ऐकलं की मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागतो.

एक वाट आहे. सतरा नंबरचा फॉर्म! शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसता येतं. रोज दुसऱ्यांचे भरतोच की मी. शेवटची तारीख १४. आपला पण गुपचूप भरायचा. मार्चला परीक्षा, मग मार्कलिस्ट. तोपर्यंत "पोस्टात अडकली" म्हणायचं.

मायला फोन केला, शाळा सोडल्याचा दाखला शोध, फोटो पाठव म्हणलो. माय म्हणती, "दाखला कशाला लागायलाय? लग्न जमवलास का काय परस्पर?"

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. अवस. उद्या घट बसणार म्हणून द्वारकाबाईंनी सकाळपासून पळवलं. वरकुट्याला तात्यांचं शेत आहे, तिथून घटासाठी काळी माती आणली. पिशवी फाटकी निघाली. निम्मी माती हायवेला दिली.

दुपारी दुकान झाडलं, जुनी खोकी आवरली. भिंतीपलीकडून द्वारकाबाई ओरडल्या, "आरं भीमा, पाट डुगडुगतोय. एका पायाखाली घालाया सपाट कायतरी दे." भंगाराच्या खोक्यात हात घातला, जे काळं चपटं लागलं ते खिडकीतून दिलं. बरोबर बसलं म्हणे! "शिकल्याल्या मानसाच्या हाताला नेमकी वस्तू लागती बग."

घ्या. पाटाला टेकू दिला तर त्यातही माझं शिक्षण.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. आमच्या भिंतीला लागूनच पलीकडं मांडलेत. पाटावर मातीत घट, त्याच पाटावर शेजारी मोठी पितळी समई. नऊ दिवस विझवायची नाही, सकाळ-संध्याकाळ तेल घालायचं. साडेआठला आरती झाली, प्रसादाची खिरापत खाल्ली, नऊला कॉम्प्युटर लावला — आणि एंटरनं जीव सोडला!

म्हणजे दाबल्यासारखा राहिला. मी हात वर केलेत, तरी आपोआप एंटर, एंटर, एंटर. निमगाव केतकीचे दादासाहेब उत्पन्नाच्या दाखल्याला आले होते. नाव टाकायच्या आत रकाना पुढं, पत्त्याचा रकाना पुढं, सगळं मोकळं ठेवून फॉर्म शेवटच्या पानावर. दादासाहेब म्हणाले, "आरं थांबीव त्येला! माजं नाव तरी लिहू दी!"

तात्या म्हणाले, "काय केलंस रं?"

"काय न्हाय तात्या. बटण अडकलंय."

बारा वाजता आपोआप थांबलं. दादासाहेब तोपर्यंत तीन चहा पिऊन बसलेले. दाखला केला. संध्याकाळी सातला परत सुरू!

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ऑपरेशन. सकाळी कीबोर्ड उलटा करून बडवला. त्यातून काय काय पडलं — बडीशेप, अर्धा शेंगदाणा, वहिनींची टिकली, एक जिवंत मुंगी. मग पेचकसनं एंटरचं टोपण उचकटलं. खाली लालभडक! क्षणभर वाटलं रक्त. गेल्या दसऱ्याचं कुंकू ते. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करतात तेव्हाचं. कुंकू, त्यावर नारळाचं पाणी, त्यावर वर्षाची धूळ. दगड झालेला.

जुन्या ब्रशनं घासलं, मेडिकलमधून स्पिरिट आणून पुसलं, टोपण बसवलं. टक्! काय आवाज आला! साडेबारा वाजले होते. एंटर एकदम गरीब गाय. दाबला तरच दबतोय.

वहिनी म्हणाल्या, "भीमा, तू डॉक्टर व्हायला पायजे व्हतास."

मी दुपारभर डॉक्टरसारखा वावरलो. सात वाजता पेशंट परत मेला.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बिघडला. दुपारी बरा. सातला बिघडला. आईशपथ, हा कीबोर्ड ड्युटी लावून बिघडतोय.

६ ऑक्टोबर, रविवार

सगळ्यांचं एकेक मत.

तात्या — "व्होल्टेज. सकाळ-सांच्याला मोटरी चालू व्हत्यात."

वहिनी — "व्हायरस."

द्वारकाबाई — "नजर." मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मिरची बरोबर स्क्रीनच्या मध्ये लोंबते. आधार नंबरचे मधले चार आकडे दिसत नाहीत.

गिऱ्हाइकांना तात्या सांगतात, "कॉम्प्युटरनं नवरात्र धरलंय औंदा. दुपारचा तेवढा फराळ करतो, तवा या."

हसतात लोक. मला हसू येत नाही. मायनं दाखल्याचा फोटो पाठवला. कोपरा फाटलाय पण नाव दिसतं, शिक्का दिसतो. फॉर्म भरायचा तर तात्या-वहिनी नसताना, म्हणजे सकाळी पहिला तासभर. आणि नेमकं तेव्हाच हे बटण पिसाळलेलं! दुपारी भरायचा तर वहिनी शेजारच्या खुर्चीत.

आठ दिवस राहिले.

७ ऑक्टोबर, सोमवार

बारामतीला जाऊन आलो. तात्यांनीच पाठवलं, "दुरुस्त कर न्हायतर नवा आन." कीबोर्ड पिशवीत घालून एसटीत बसलो. खिडकीची जागा! निमगाव केतकीचे पानमळे, मग ऊस, ऊस, ऊस. मला एसटीत बसलं की बरं वाटतं. कुठं चाललोय याला महत्त्व नाही.

स्टँडजवळ एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्ती. आत एक मुलगी, योगिनी नाव. काटेवाडीहून रोज स्कूटीवर येते. हातात सोल्डरिंग गन, डोळ्यांवर चष्मा, कपाळाला आठ्या. मी म्हणलो, "मालक कुठं हायत?"

"हितं हायत. बोला."

गप्प बसून कीबोर्ड पुढं केला. तिनं तो तिच्या कॉम्प्युटरला लावला, सगळी बटणं पियानो वाजवल्यासारखी दाबली. "ह्येला काय झालंय? धडधाकट हाय."

"सकाळ-संध्याकाळ बिघडतो."

"म्हंजी कसा? जेवनाआधी का जेवनानंतर?"

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं पण. ती हसली नाही, हे लई आवडलं. म्हणाली, "एका टायमाला एकच बदल करायचा. सगळं एकदम बदाललं की रोग कुठं व्हता त्ये कळत न्हाय. नवा घिऊन जा, लावून बग. तरी झालं तर कीबोर्ड काढूनच टाक आन बग. आन टाइम लिहून ठेव. कवा चालू, कवा बंद. ठेवशील का लिहून?"

"ठेवतो की." कान तापले. रोज लिहितोच मी, पण ते सांगतंय कोण! टेंभुर्णीच्या हॉटेलात एका खतवाल्या गिऱ्हाइकानं फुकट डायरी दिली तेव्हापासूनचा नाद. आता ही तिसरी.

तिनं बिलाच्या मागं नंबर लिहून दिला. दुरुस्तीसाठी. दुरुस्तीसाठीच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नवा कीबोर्ड लावला. नऊला एंटर चालू. म्हणजे कीबोर्डचा दोष नाही!

मग तिनं सांगितलं तसं वायरच काढली. आता कॉम्प्युटरला कीबोर्डच नाही. आणि स्क्रीनवर एंटर, एंटर, एंटर, एंटर!

मी उठून उभा राहिलो. तात्या दारातूनच म्हणाले, "कोन दाबतंय रं?" द्वारकाबाईंनी भिंतीपलीकडून घंटा वाजवली नेमकी. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू!

दुपारी योगिनीला फोन लावला. उचलला नाही. परत लावायची हिंमत झाली नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

घात झाला.

तात्या आणि वहिनी सकाळी लवकर एका लग्नाच्या बैठकीला जाणार होते. मी आठलाच शटर उघडलं. म्हणलं, नऊ वाजायच्या आत उरकू. एंटर शांत होता. सतरा नंबरचा फॉर्म उघडला. नाव — भीमा. आईचं नाव, जन्मतारीख, दाखल्याचा फोटो, माझा फोटो. शेवटची उत्तीर्ण इयत्ता — सातवी. हे लिहिताना बोट थांबलं. चार वर्षांत पहिल्यांदा खरं लिहीत होतो.

माध्यमाच्या रकान्यावर आलो. खाली यादी उघडली. आणि पलीकडं आरती सुरू झाली. आज दहा मिनिटं आधीच!

एंटर. यादीतलं पहिलं नाव निवडलं गेलं. एंटर. पुढचं पान. एंटर. सेव्ह. एंटर. "प्रिंट काढायची का?" एंटर!

प्रिंटर जागा झाला. माझा फोटो बाहेर आला. परत बाहेर आला. परत. मी प्रिंटरचं बटण शोधतोय, पानं खाली पडतायत. शेवटी पिन ओढली तेव्हा जमिनीवर मीच मी! बासष्ट भीमा. नंतर मोजले.

गोळा करत होतो तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बैठक पुढं ढकललेली.

तात्यांनी एक कागद उचलला. लांब धरला, जवळ धरला. मग वहिनींकडं दिला. "वाच जरा. चष्मा न्हाय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, मग वाचलं. हळू वाचलं. "खासगी विद्यार्थी... इयत्ता धाव्वी... शेवटची उत्तीर्ण इयत्ता, सातवी." मग थांबून म्हणाल्या, "माध्यम, इंग्रजी."

इंग्रजी! यादीतलं पहिलं.

एरवी तात्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज कागद टेबलावर पालथा ठेवला आणि रस्त्यापलीकडं चहाला गेले. एकटेच. रोज मला हाक मारतात.

दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. एंटर तेवढा बडबडत होता.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हे स्टँडवर बसून लिहितोय. बॅग भरली. नऊ मिनिटं! तात्या सकाळीच वरकुट्याला डाळिंबाच्या फवारणीला गेले. वहिनींना सांगितलं, जरा जाऊन येतो. त्यांनी बॅगेकडं बघितलं, विचारलं नाही.

लातूरची गाडी साडेअकराला.

तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. हाकलून दिलं असतं तर हाकलून दिल्यासारखा तरी गेलो असतो.

(संध्याकाळी, दुकानात)

गेलो नाही! कसं झालं ते नीट लिहायला पाहिजे.

अकरा वीसला योगिनीचा फोन. "काय रं इंदापूर, परवा फोन केल्तास. टाइम लिहिलास का?"

मी म्हणलो आता काय उपयोग, चाललो मी. ती म्हणाली, "जा की. पर टाइम सांगून जा, माजं डोकं खातंय त्ये." मग मी बाकावर डायरी उघडली आणि वाचून दाखवलं. तीन तारीख, नऊ ते बारा, मग सात. चार तारीख तसंच. आठ तारीख, कीबोर्ड नसताना पण. काल आठ वीसलाच.

"काल आधी का?"

"आरती आधी झाली."

"आरतीचा काय संबंद?"

"काय नाही. पलीकडं घट बसलेत. समईत तेल घालतात तेव्हा..."

तिकडं सोल्डरिंग गन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माउस वायरचा हाय का बिनवायरचा?"

"बिनवायरचा."

"त्येच्यासंगं जोडीला कीबोर्ड आल्ता का?"

आला होता! काळा, चपटा. बटणं मऊ लागतात म्हणून वहिनींनी मे महिन्यात काढून ठेवला, मीच खोक्यात टाकला होता. खोक्यात... आणि दोन तारखेला त्याच खोक्यात हात घातला, आणि हाताला लागलं ते...

मी स्टँडवर ओरडलो, "पाटाखाली!"

शेजारची बाई दचकली. योगिनीला सांगितलं तर ती एवढी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. माउसचा आणि त्या कीबोर्डचा, दोघांचा मिळून कॉम्प्युटरच्या पाठीला एकच बारका खडा लावलेला असतो म्हणे. सेल होते आत, बटण चालू होतं. समई तेलानं भरली की पाटाचा पाय दाबतो. दुपारपर्यंत तेल जळतं, पाय हलका होतो. भिंत काय, त्याला दिसतच नाही.

"म्हंजी एंटरवर कोन बसलंय आठ दिस झालं?" ती म्हणाली.

"देवी."

लातूरची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "यायचंय का? बॅग वर टाक."

मी उभा राहिलो. एक पाय पायरीवर ठेवला पण. मग डोक्यात आलं, मी गेलो तर हे कुणाला कळणारच नाही. पाटाखाली काय आहे ते फक्त मला माहीत. आज समईत तेल पडणार, एंटर सुटणार, वहिनी एकट्या, तात्या व्होल्टेज-व्होल्टेज करत वायरमनला शिव्या देणार. कॉम्प्युटर फॉरमॅट करतील, नवा घेतील. आणि लोक म्हणतील, ते पोरगं पळालं ते काहीतरी करून गेलं. मी आजवर जिथून गेलो तिथं माझ्यामागं काय झालं ते कधी बघितलंच नाही.

"न्हाय," म्हणलो. "इसारलो कायतरी."

दुकानात येऊन पाठीमागचा खडा उपसला, कपाटातला वायरचा माउस लावला. एंटर गप्प! वहिनी बघतच राहिल्या. मग मी पलीकडं गेलो. द्वारकाबाई घटाला पाणी शिंपडत होत्या. हिरवे कोंब बोटभर आलेत.

सगळं सांगितलं. टेकूचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, सातवीचं पण. खाली बघून सांगितलं. त्यांनी समईची वात पुढं सारली. मग म्हणाल्या,

"म्हंजी तुजा फॉरम माज्या घटातल्या आईनं भरला?"

"तसंच म्हणा आजी. पर इंग्लिश मीडियमचा भरला."

"त्यातलं तिला काय कळतंय? त्ये तू बदल." मग माझ्या बॅगेकडं बघून, "आन त्ये गठुडं आत ठेव. घट उठायच्या आत घरातलं मानूस भायर पडत न्हाय."

घट मात्र हलवू दिला नाही. पाट पण नाही. "दसऱ्यापत्तर त्ये डबडं आईच्या पायाखालीच ऱ्हाईल."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तात्या आले. दुकानात बसले. कॉम्प्युटर चालू, एंटर शांत, मी शांत.

द्वारकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "रामहरी, देवीनं भरल्याला फॉरम हाय त्यो. तू त्यात पडू नगं."

तात्या म्हणाले, "आई, तू जा बरं आत."

मग माझ्याकडं वळले. "चार मानसांत तुजं नाव घेतो मी. माजा पोरगा असल्यागत."

"चुकलं तात्या."

"सा म्हैनं खोटं बोल्लास. आरं, धाव्वी न्हाय म्हनला असतास तर मी..." तिथंच थांबले. टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली. "खोटं बोलायचं येवढं सोपं वाटतं व्हय रं? रोज सांभाळावं लागतंय त्ये. रोज." आणि उठून गेले.

हाकललं नाही. ठेवलं पण नाही. हे काय झालं ते मला कळलं नाही. बॅग भरलेलीच आहे, खाटेखाली.

वहिनींनी परीक्षेच्या केंद्राला फोन लावला. तो इंग्रजी फॉर्म ते बाद करतो म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत नवा भरा. फोन ठेवून वहिनी म्हणाल्या, "इंग्लिश मीडियमवाले, चहा ठिवा जरा."

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. घट उठले. पाट उचलला तर खाली आमचा कीबोर्ड! वर मातीचं पाणी, तेलाचा ओघळ, आकड्यांच्या बाजूचा कोपऱ्यातला एंटर पार आत गेलेला. पाटाचा पाय बरोब्बर त्याच्यावर. बोटानं टोकरला तर टक्कन वर आला. योगिनीला फोटो पाठवला. तिनं उलट फक्त हात जोडलेले पाठवले. मग पाच मिनिटांनी, "आपट्याचं पान द्यायला बारामतीला यायचं अस्तं, फोटो न्हाय पाठवायचा."

दोनदा वाचलं. चार वेळा.

दुकानात पूजा. नवा कीबोर्ड, प्रिंटर, पंच मशीन, सगळं मांडलं. द्वारकाबाईंनी तो जुना पण मध्ये ठेवला, सगळ्यात मानाच्या जागी. कुंकवाची चिमूट घेऊन नव्याकडं वळल्या. मी म्हणलो, "आजी, लांबून! लांबून लावा!"

तात्या हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. आपट्याचं पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सोनं घे. सोमवारी दुकान मी उघडतो. फॉर्म माज्यासमोर भरायचा."

१३ ऑक्टोबर, रविवार

काही नाही. झोपलो. स्वप्नात पण प्रिंटर चालू होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

फॉर्म गेला. माध्यम मराठी. तीनदा बघून घेतलं. प्रिंट एकच.

कॉम्प्युटर बंद करायला लागलो तर तात्यांनी शटर निम्मं खाली ओढलं. म्हणाले, "थांब. आजून एक हाय." खिशातून कागद काढला. घड्या घालून घालून कापडासारखा मऊ झालेला. जिल्हा परिषद शाळा, वरकुटे. शाळा सोडल्याचा दाखला. वहिनी खाली मान घालून हसत होत्या. त्यांना माहीत होतं!

नाव — रामहरी. वय त्रेपन्न. शेवटची उत्तीर्ण इयत्ता — सहावी.

मी तोंडाकडं बघत राहिलो. ते चष्म्याचं, ते "माजं काम तोंडाचं"...

"बगतोस काय?" तात्या म्हणाले. "गनित तू शिकवायचं. मार्चपत्तर कुठं जायाचं न्हाय. दाब एंटर."

दाबला. एकदाच.